अक्काचं वाकडं कुंपण

अक्का त्या गावात पहिल्यांदा आली तेव्हा गावाला वाटलं, दरोडा पडला.

गाव म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. ठोकळे रचून घरं बांधायची, शेतं पिकवायची, आणि शहरोशहरीच्या माणसांनी आपापल्या घरी बसून एकत्र नांदायचं. अक्काने पाऊल ठेवलं ते बेकरीवाल्याच्या उभ्या गव्हात. तो सगळा तुडवून झाल्यावर तिने कोणाची तरी मेंढी विहिरीत ढकलली, तिला काढायला स्वतः उडी मारली, बुडून मेली, नव्याने जिवंत होऊन आली ती थेट मुकादमांच्या घरात घुसली आणि त्यांचं पुढचं दार उचकटून घेऊन चालू लागली.

"माझ्या घराला एकही दार नाहीये," ती म्हणाली. "तुमच्या घराला दोन आहेत."

मुकादम म्हणजे गाव चालवणाऱ्या बाई. दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी या गावाच्या सर्वेसर्वा. अक्काला हाकलायला त्यांनी बोट उचललंच होतं, तेवढ्यात गाद्या मध्ये पडला.

"अहो थांबा! गुंड नाही ती. थोरली बहीण आहे माझी."

"दोन्ही असू शकतं," मुकादम म्हणाल्या.

गाद्या सोफे आणि गाद्या शिवायचा. नाव अक्कानेच ठेवलेलं, आणि त्याच्या बायकोसकट सगळ्या जगाने ते उचललेलं. अक्काची हयात इस्पितळाच्या धोबीखान्यात गेली होती. तिच्या हाताखाली चादरीची घडी केसभर सरकत नसे, आणि चुरगळलेला कोट घालून तिच्यासमोरून जायला मोठे मोठे डॉक्टर कचरत. मग हातांना कंप सुटला. कप बशीत वाजायला लागला तशी ती माणसांत जायची बंद झाली. गाद्या राहायचा दुसऱ्या शहरात. त्याने तिच्या घरी कॉम्प्युटर बसवून दिला, पासवर्डही स्वतःच घालून दिला, आणि दुकान बंद केलं की भाऊबहीण या गावात भेटू लागली.

हातासारखंच तिचं बांधकामही थरथरायचं.

"अक्का, भिंत प्यायलीय का हो?" बेकरीवाला विचारायचा. हा खरोखरच बेकरी चालवायचा.

"प्यायली असेल. तुझ्या पावासारखी पोकळ तर नाही ना!"

हळूहळू, संध्याकाळी गावात अक्का नसली तर कोणालाच करमायचं नाही. मुकादमांनी दार परत मागितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका रविवारी गावात तीन पाहुणे आले. सभ्य म्हणजे किती सभ्य! माणसांना नमस्कार, मेंढ्यांनाही नमस्कार. मुकादम विरघळल्या आणि त्यांनी पाहुण्यांना बांधकामाची मुभा दिली. रात्री सगळे जेवायला उठले, तेवढ्यात तिघांनी घराघरावर तापलेला लाव्हा ओतला. गव्हाची राख झाली, घरांचा कोळसा. जाताना चौकात पाटी लावून गेले: 'मजा आली.'

गाद्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवारी पहाटे अक्का झोपेतच गेली, आणि तो तिच्या घरी धावला होता. भेटायला येणारी माणसं पांगल्यावर दाजी त्याला म्हणाले, "त्या कॉम्प्युटरमध्ये बघ रे जरा. रविवारी दुपारभर काहीतरी करत होती. मला फिरकू देईना जवळ. म्हणे, आधी गाद्याला दाखवायचंय."

गाद्या तिच्या खुर्चीत बसला. खुर्चीवरची गादी त्यानेच शिवलेली होती. 'हिच्यावर घटकाभर बसवत नाही, इतकी टोचते' म्हणून अक्काने तिला नावं ठेवली होती आणि दुसरी कधी घेतली नव्हती.

कॉम्प्युटर सुरू होताच तो तिच्याच रूपाने गावात उतरला. गाव काळं पडलं होतं. फक्त टेकडीवर लाव्हा चढला नव्हता. तिथे एक बाक होतं, त्याच्याभोवती कुंपण. एक काठी पुढे, दोन मागे, एक भलतीकडेच. आणि पाटी: 'गाद्या, तू बस. बाकीच्यांनी उभं राहा.'

त्याने पडद्याचा फोटो काढला. मग नुसता बघत राहिला.

"अक्का आल्या!" खालून बेकरीवाल्याने हाक दिली. "अहो, आम्ही जळून खाक झालो आणि तुमचा पत्ता नाही! चला चौकात, तुमच्यावाचून अडलंय."

चौकात सगळे जमले होते. मुकादमांकडे शनिवारची गावाची प्रत होती. ती बसवली की गाव होतं तसं उभं राहणार होतं, पण शनिवारनंतर ज्याने जे बांधलं ते पुसलं जाणार होतं. म्हणून गावाचा नियम असा, की ज्याने त्याने चौकात येऊन 'हो' म्हणायचं. एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी प्रत बसवायची नाही, आणि कारण विचारायचं नाही.

"टेकडीवर तुमचं काहीतरी आहे ना?" मुकादम म्हणाल्या. "ते जाईल, अक्का. मनात नसेल तर सरळ नाही म्हणा."

"म्हणा की," बेकरीवाला म्हणाला. "आम्ही नवं बांधू. इथे कोणाला गाडी पकडायचीय?"

'अक्का गेली' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं असतं तर सगळ्यांनी एका सुरात 'नाही' म्हटलं असतं, आणि त्या टेकडीसाठी गाव कोळशात ठेवलं असतं. गाद्याला ते पक्कं माहीत होतं. आणि अक्का काय म्हणाली असती, तेही माहीत होतं. 'मेल्या, माझ्या चार वाकड्या काठ्यांपायी लोकांची घरं जळकी ठेवतोस?'

त्याने लिहिलं, "हो."

"एवढंच? शिवी नाही, काही नाही?" बेकरीवाला म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"

"तुझं तोंड बघून बिघडली."

चौक खदखदून हसला. दाजी मागे उभे राहून वाचत होते. ते आत निघून गेले.

"आणि गाद्या कुठाय?" मुकादमांनी विचारलं.

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याचंही हो धरा."

मुकादमांनी शनिवार परत आणला. गहू उभा राहिला, घरं उभी राहिली, मेंढ्या ओरडू लागल्या. टेकडीवर नुसतं गवत होतं.

पुढच्या आठवड्यात आपल्या घरून, आपल्या नावाने, गाद्या टेकडीवर गेला आणि फोटो समोर ठेवून सगळं पुन्हा बांधायला बसला. हात सरळच जायचा. मग मुद्दाम एकेक काठी फोटोत होती तिथेच वाकडी रोवली. कुंपण हुबेहूब झालं, आणि कोणीतरी अक्काची नक्कल करतंय असं दिसू लागलं. शेवटी पाटी लिहिली. स्वतःच स्वतःला 'गाद्या, तू बस' म्हणणारी. ती त्याला वाचवेना. त्याने काठी-काठी करून सगळं फोडून टाकलं.

अक्का दिसेना, तेव्हा लोक म्हणू लागले की कुंपण गेलं म्हणून रुसली. बेकरीवाला समजूत काढायला तिच्या दाराशी पाव ठेवू लागला. "तुझी अक्का अजून फुगलीय का रे?" असं तो विचारायचा आणि गाद्या म्हणायचा, "येईल." उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा.

पुढे सगळ्यांना मोटारींच्या शर्यतीचा एक नवा खेळ आवडायला लागला. सगळे तिकडे गेले, आणि मुकादमांनी गाव बंद केलं.