साडूची स्कूटर आणि माझी साक्ष

माझ्या साडूवर रागावू शकेल असा माणूस परमेश्वराने अजून जन्माला घातलेला नाही; आणि चुकून घातलाच असेल, तर तो मी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. ऐंशीच्या दशकात पोटापाण्यासाठी आम्ही दोघेही जयपूरला येऊन पडलो होतो. मी कॉलेजात इतिहास शिकवीत असे आणि ते विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या एका पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. बनी पार्कात माझ्या दाराशी येणारी भाजीवाली तीन वर्षं मला ‘बाबूजी’ म्हणून पिवळी कोथिंबीर देत होती. हे गृहस्थ एकदाच तिच्यासमोर उभे राहिले, तर ‘भैया’ झाले आणि पिशवीत दोन लिंबं वरकड घेऊन आले. माझी मुलं माझ्याशी मराठीत बोलायचं म्हटलं की तोंड फिरवीत; काका आले की त्यांच्या मांडीवर चढून ‘मतलब, मग काय झालं?’ म्हणून पिच्छा पुरवीत. सासूबाई पुण्याहून दोन्ही जावयांना लोणच्याच्या सारख्या बरण्या आमच्याच पत्त्यावर पाठवीत. त्या सारख्या नसणार या संशयाने मी एकदा, बायको बाहेर गेल्यावर, दोन्ही तराजूत घातल्या. त्या सारख्याच भरल्या, याचंही मला वाईट वाटलं.

त्यांच्या विक्षिप्तपणात सगळ्यात थोर म्हणजे स्वतःच्या चीजवस्तूंची बदनामी. पाहुणा दारात दिसला की, ‘त्या खुर्चीवर नका बसू, ती माणसं पाडते,’ हे स्वागत. जेवायला बोलावणं असं: ‘वरण खाली लागलंय, भात जरा कच्चा आहे, पण या!’ आणि लोक जात, दोन-दोनदा भात घेत. आमच्याकडे बासुंदी असली तरी मंडळी घड्याळं बघत.

तर या माणसाने आपली जुनी स्कूटर विकायला काढली. घेणारे माथुरसाहेब हे माझे शेजारी, सरकारी कचेरीतले कारकून. म्हणून सौदा माझ्याच व्हरांड्यात झाला. साडूंनी सवयीप्रमाणे स्कूटरच्या खोड्यांचं पुराण लावलं. ‘माथुरसाब, इसको बाईं तरफ झुकाओ, दस तक गिनो, फिर किक मारो. नहीं तो ये हिलेगी नहीं. बड़ी नखरेवाली है.’ माथुरसाहेब पोट धरधरून हसले आणि गाडी घेऊन गेले. पुढे महिनाभर रोज सकाळी त्यांच्या किकांचा आवाज येत राहिला. एके दिवशी तो थांबला आणि साडूंना कोर्टाचा कागद आला: बिघडलेली गाडी लपवाछपवी करून विकली, पैसे परत करा.

छोट्या दाव्याचं छोटं कोर्ट. पण फोरमनवर फसवणुकीचा ठपका येणं ही छोटी गोष्ट नव्हती. कारखान्यात कुजबुज सुरू झालीच होती. मी वकील सुचवला, तर म्हणाले, ‘खरं तेच सांगायचंय, त्यात वकिलाची कशाला पंचाईत करा? तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही सांगा, झालं.’

तारखेच्या दिवशी सकाळी ते मला न्यायला आले. माझ्या बायकोने त्यांच्या हातावर दही-साखर घातली. मीही हात पुढे केला. ‘साक्षीदाराला कशाला दही?’ ती म्हणाली आणि वाटी आत घेऊन गेली. हसू नका. त्या दह्याच्या चमच्यात माझी सहा वर्षांची जळजळ उतू गेली.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, ‘गाड़ी की खराबी बेचने से पहले बताई गई थी?’

झुकवलेली स्कूटर, दहा आकडे, माथुरसाहेबांचं हसणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. मी म्हणालो, ‘याद नहीं, साहब.’

‘आप इतिहास पढ़ाते हैं ना?’ न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

आता साडू माझ्यावर तुटून पडणार म्हणून मी कठडा घट्ट धरला. ते उभे राहिले, हात जोडले. ‘हुजूर, ये झूठ नहीं बोलते. इनको याद नहीं, मतलब मैंने ही धीरे बोला होगा. गलती मेरी. पैसे लौटा दूँगा.’

मग माथुरसाहेब, म्हणजे खुद्द फिर्यादी, खुर्चीतून उठले. मान खाली घालून म्हणाले, ‘हुजूर, बताया तो था इन्होंने. झुकाने को भी, गिनने को भी. मैं मज़ाक समझा था.’

दावा तिथेच मिटला. पुढे पंधरा दिवस साडू रोज कारखान्यात जाण्यापूर्वी माथुरांच्या फाटकाशी जाऊन त्यांना स्कूटर चालू करायला शिकवीत आणि मगच तिथे नाश्ता करून जात. समोरून कचोरीचा वास येई. मी खिडकी लावून घेई. पण मला जे टोचत होतं ते खिडकीच्या आतलंच होतं. जो माणूस पैशांसाठी कोर्टात गेला होता त्याला खरं बोलता आलं, आणि मला आलं नाही.

दोन वर्षांनी साडूंनी इंदूरच्या कारखान्यात नोकरी धरली. स्टेशनवर निम्मं बनी पार्क लोटलं होतं. आज सांगून टाकायचं, असं ठरवून मी गर्दीतून डब्याच्या खिडकीपाशी पोहोचलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझा हात धरला. ‘प्रोफेसर, एक मनात राहिलंय. त्या वेळी तुम्हाला कोर्टात उभं केलं, ते चुकलं माझं. नात्यातल्या माणसाला असं अडचणीत टाकू नये. रागावला नाहीत ना?’

त्यांना सगळं ठाऊक होतं की काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. ‘नाही हो,’ एवढंच मी म्हणालो. गाडी हलली तरी त्यांनी हात सोडला नव्हता. मी तसाच चार पावलं गाडीबरोबर चालत गेलो.