शिट्टीची भाकरी

बेटेगावात आमच्या घरामागे टेकडी होती. साठच्या दशकात तारापूरकडे बांधकामं निघाली, खडी लागू लागली आणि टेकडीवर दगडाची खाण सुरू झाली. दुपारी मुकादम शिट्टी फुंकायचा, माणसं आडोशाला पळायची आणि सुरुंग उडायचा. फळीवरची भांडी थरथरायची आणि आई मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

त्या खाणीवरून एक बाई आमच्याकडे कुत्री घेऊन आली. डोंगरातल्या पाड्यावरची, खडी फोडायला येणारी. सुरुंगाचा दगड लागून कुत्रीचा मागचा पाय फाटला होता. "मास्तर, हिला तुमच्याकडं ठेवा. तितं नाय जगायची ती," एवढंच वडिलांना बोलून ती कामावर परत गेली.

पाय हळदीने बरा झाला. भीती जाईना. शिट्टी ऐकली की कुत्री पडवीतल्या भाताच्या कणगीमागे शिरायची, तिथेच मुतायची आणि अन्नाला तोंड लावायची नाही. सुरुंग जवळजवळ रोजचा, त्यामुळे उपासही रोजचा. अशीच राहिली तर पावसाळा काढणार नाही, हे दिसत होतं.

वडील शाळेत कवायत मास्तर होते. नुकतेच निवृत्त झालेले. शिट्टी होती, पण ओळीत उभं करायला कोणी नव्हतं. त्यांनी कुत्री मनावर घेतली. सकाळी खाण शांत असताना ते अंगणाच्या पार टोकाला जाऊन हलकेच शिट्टी वाजवत आणि बोंबील लावलेली तांदळाची भाकरी टाकत. मग जरा जवळून, जरा मोठ्याने. मला हसू यायचं. आम्हा भावंडांनाही त्यांनी शिट्टीवरच जेवायला बसवलं होतं.

काही महिन्यांत कुत्री अंगाने भरली. खाणीची शिट्टी झाली की वडील अंगणात भाकरी घेऊन उभे असत आणि ती शेपूट हलवत त्यांच्याकडे येई. बोईसरच्या बाजारात वडिलांनी ही हकीकत एकालाही ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

एक दिवस ते कामासाठी पालघरला गेले होते. शिट्टी झाली. मी पडवीत शिलाई मशीनवर बसले होते. कुत्री अंगणात आली, तिने इकडेतिकडे पाहिलं. दुसरी शिट्टी झाली तशी ती सरळ टेकडीकडे निघाली. शिट्टी वाजते तिथे भाकरी मिळते, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. मी मागे धावले, हाका मारल्या. माझ्या हाकेला काय किंमत होती?

खाणीजवळ तिला त्याच बाईने पाहिलं. आडोशातून बाहेर येऊन तिने दगड मारमारून कुत्रीला पिटाळलं आणि स्वतः जेमतेम परत लपली. सुरुंग उडाला. कुत्री माझ्या आधी घरी पोचली आणि कणगीमागे गेली.

संध्याकाळी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"घाबरू दे तिला," आई म्हणाली. "घाबरली तर वाचेल तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी झाली. कुत्री कणगीमागे शिरली. वडील भाकरी घेऊन तिच्या मागोमाग गेले. धोतर सावरून रांगत, निम्मे आत शिरले आणि तिथेच बसून राहिले. आयुष्यभर पोरांना ताठ उभं करणारा हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला. सुरुंग उडाला, भांडी थरथरली. थोड्या वेळाने आतून भाकरी चावल्याचा आवाज आला.