बाबांचे चामडी हातमोजे

बाबांना हातमोजे घ्यायला लावले ते आईने. एका सकाळी बाबा सायकलवरून घसरले, दोन्ही तळहात खरचटले, आणि घरी येऊन नळाखाली हात धरत त्यांनी "काई नाई झालं" असं जाहीर करून टाकलं. आईने उभ्याउभ्या निकाल दिला. हातमोजे घालून चालवायची, नाहीतर सायकल भंगारात. आईने निकाल दिला की आमच्या घरात अपील नसतं.

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात गेली आणि ड्यूटीवर ते कायम सायकलनेच गेले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही नागपुरात राहायला आलो तरी सकाळची चक्कर चुकली नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेली, साखर मागे लागलेली, पण सायकलवर बसले की मान अशी ताठ, की जणू सगळा रिंग रोड यांच्याच देखरेखीखाली आहे. ही सायकल गेली तर हा माणूस घरात बसून आम्हा दोघींचं डोकं खाईल आणि स्वतःही खचेल, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मीच त्यांना सीताबर्डीला घेऊन गेले.

दुकानात बाबांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. दुकानदाराने अर्ध्या बोटांचे, तळव्याला चामडं आणि पाठीवर जाळी असे साधे जोड काउंटरवर मांडले. बाबांनी एक उचलला, हुंगला, अंगठ्याची शिवण ओढून पाहिली. मग बोट जिभेला लावलं आणि ते ओलं बोट चामड्यावर टेकवून वाट पाहत बसले. अस्सल असेल तर पाणी पितं, रेक्झिन असेल तर थेंब वर बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. पहिला जोड पास झाला. तरी त्यांनी दुसरा ओला केला. मग तिसरा.

"अंकल, सब असली है," दुकानदार काकुळतीला आला. "सबको मत चखो."

चौथ्या जोडाला मी त्यांचा हात धरला. मापाचंही तेच. सैल जोड त्यांना आवडले, कारण ते लगेच "सैल होते" म्हणून परत करता आले असते. मी हट्टाने जरा घट्ट जोड घ्यायला लावला. चामडं वापरून हाताप्रमाणे पसरतं, एवढं मलाही कळतं. बाबांनी मूठ वळून पाहिली, सोडली, पुन्हा वळली आणि तोंड पाडून "घे मंग" म्हणाले.

त्यानंतर बाबांनी त्या हातमोज्यांची जी निगा राखली, तशी आम्हा भावंडांची कधी राखल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. पहिल्या दिवशी घालून गेले, घाम आला. लगेच ओल्या फडक्याने पुसले आणि सावलीत टांगले. चामडं उन्हात ठेवायचं नाही, साबणाने धुवायचं नाही, ओलं असताना पिळायचं नाही. सगळं बरोबर. फक्त एकच अडचण होती, की दुसऱ्या दिवशीही ते वाळतच होते.

"मोजे काहून नाई घातले जी?" आई फाटकापाशी विचारायची.

"वाळून राहिले."

"एप्रिलमधे? नागपुरात? चादर वाळते दहा मिनटात!"

"चादर येगळी, चामडं येगळं. चामड्याले आराम लागते."

चामड्याचा हा आराम संपेचना. कधी ते वाळत असायचे, कधी त्यांना हवा लागत असायची, कधी त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून त्यांचा आकार टिकवणं चालू असायचं. बाबा मात्र उघड्या हातांनी चक्कर मारून यायचे. आईला हे कळत नव्हतं असं नाही. पण इतकी मेहनत घेणाऱ्या माणसाला निष्काळजी कसं म्हणायचं, या पेचात ती अडकली होती. मला वाटत होतं, बाबांना हातमोज्यांची लाज वाटते. कोराडीच्या धुळीत जन्म गेलेला माणूस, म्हातारपणी हात झाकून कसा फिरेल!

मे महिन्यात चामडं सुकून खरखरीत झालं, तेव्हा बाबांनी तेल द्यायचं ठरवलं. एरंडेल घरात नव्हतं. जवसाचं होतं, ते आमच्याकडे असतंच, चटणीवर घ्यायला. बाबांनी तर्क लढवला, की क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल देतात, बॅट वर्षानुवर्षं टिकते, तर चामड्याने काय घोडं मारलंय? वाटीभर तेल पाजून त्यांनी हातमोजे कूलरच्या वाऱ्यात ठेवले. आता जवसाचं तेल वाळलं की कडक होतं. बॅटला ते चालतं. हातमोजे मात्र असे टणक झाले, की टेबलावर ठेवले तर आपले आपण उभे राहत, कोणी हात पसरल्यासारखे. आई येता-जाता म्हणायची, "कोन मांगून राहिलं जी माह्या टेबलावर?"

आणि एका दुपारी बाबा तेच हातमोजे घालून जेवायला आले.

रस्त्यावर कधी न घातलेले हातमोजे ताटावर! आई पोळी वाढता वाढता थांबली.

"हाताले सवय लावून राहिलो," बाबा म्हणाले. "आन चमचा दे."

चमचा म्हणजे दवाखान्यातल्या माणसाचं काम, असं बाबांचं जन्मभराचं मत. ते आता चमच्याने वरणभात उचलायला लागले. कडक बोटं वळत नव्हती, भात ताटाच्या कडेने पळत होता, आणि बाबा गंभीर चेहऱ्याने त्याचा पाठलाग करत होते. मला हसू आवरेना. आई हसली नाही.

"पडले नं तुम्ही?"

"नाई."

"दाखवा हात."

"चामडं आत्ता बसून राहिलं, काढू नको."

आईने भाताच्या गंजात कोमट पाणी आणलं आणि त्यांचे दोन्ही हात हातमोज्यांसकट त्यात बुडवले. बाबा कळवळले, पण हातमोज्यांसाठी. "कोमट नको वं, आक्रसते ते!" मी अजून हसतच होते. मग पहिला हातमोजा सुटला आणि माझं हसू गेलं. तळहाताची साल निघाली होती, त्यात खडी रुतली होती, आणि रक्त चामड्याला चिकटून वाळलं होतं. मला बघवेना. बाबा मात्र हातमोज्याकडे पाहत होते. "शिवन उसवन, हळू ओढ."

आईचे हात थांबले. "दुखत नाई तुम्हाले?"

"नाई."

"खरं सांगा."

बाबांनी स्वतःचा तळहात दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला. "लय दिवस झाले," ते म्हणाले. "समजतच नाई काई. उघड्या हातानं हँडल थोडं तरी समजे. मोजे घातले तं तेही नाई. ब्रेक दाबला का नाई, पाहा लागते."

मला रडू आलं आणि रागही आला, कोणावर ते सांगता येणार नाही. डॉक्टरांनी नंतर साखर, नसा, सगळं समजावलं आणि सायकलवर बसायचं नाही असं बजावलं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

सायकल भंगारात गेली नाही. आता रोज सकाळी दोघं तिला हाताने धरून भाजीला जातात. हँडल बाबांच्या हातात, हँडलला आईची थैली, आणि बाबांची मान तशीच ताठ. परवा मी मागून येत होते. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या गृहस्थांनी हटकलं, "काय जी साहेब, सायकल असून पायी काहून?"

बाबा खाली पाहायला लागले.

"हवा नाई चाकात," आई म्हणाली, आणि हवेने टम्म भरलेलं ते चाक दिसू नये म्हणून लुगडं सावरत मध्ये येऊन उभी राहिली.