अक्काच्या नावाची सवाशीण

माझी थोरली बहीण दैवशाला जिवंत हाय. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याच घरात ते सांगायची पाळी आली. केदारखेड्यात राहती, सकाळी अंगण झाडती, चहात साखर जास्त टाकती. साप-बीप काही चावला न्हाई तिला.

मला हे समदं कळलं ते दुकानात. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान हाय. आमचे हे, राधेश्याम, होलसेलचं बघतात आणि साड्याच्या गादीवर मी बसते. लग्नसराई होती. धावड्याची एक बाई आली, शिवकन्या नावाची, बोलायला मोकळी. पोराचं लग्न ठरलंय म्हणली, एक हिरवी साडी दाखवा, हलकी नको. मी इचारलं, नवरीला का? म्हणली न्हाई, सवाशिणीला. पोरीची आई अहेवपणीच गेली. आता घरातून नवऱ्याआधी बाई गेली असंल तर कार्याच्या आधी तिच्या नावानं एक सवाशीण जेवू घालावी लागती, साडी नेसवून ओटी भरावी लागती, हे आपल्याकडं लहान लेकराला ठावं. म्हणली, साडी पोरीकडच्यांनी करायची पण मीच करते, माझी विहीण झाली असती बिचारी. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मलाबी वाईट वाटलं, कशानं गेली म्हणून इचारलं. शेतात साप चावला म्हणं. मी म्हणलं, कुठली हो सोयरीक? तर म्हणली केदारखेड्याच्या कारभाऱ्याची पुतणी, आकांक्षा.

आकांक्षा माझी भाची. तिची आई माझी अक्का. त्याच सकाळी अक्का फोनवर माझ्याशी वांगे किडले म्हणून बोलली होती.

मी तोंडाची फटकळ, सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. पण त्या दिशी जीभ चावून बसले. लग्न माझ्या भाचीचं, काय भानगड हाय ते समजून न घेता तोंड उघडलं तर पोरीचं वाटोळं व्हायचं. साडी घडी घालून दिली, बाई गेली, आणि मी ह्यांना गल्ला सोपवून सरळ भोकरदनची गाडी धरली, केदारखेडं त्याच वाटेवर हाय.

अक्काची कथा सांगते, म्हंजे माझ्या तळपायाची आग मस्तकात का गेल्ती ते कळंल. लहानपणी तिचा घसा सुजला, सांधे धरले, ताप आला. ताप गेला पण काळजाची झडप नासवून गेला. तवा कुणाला काय कळतंय? सतरा वर्षांची झाली तवा चार पायऱ्या चढली तरी धाप लागायला लागली, ओठ निळे पडायला लागले. बापानं मुंबईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं छाती उघडून यंत्राची झडप बसवली. त्या काळची ती. आत एक चकती उघडती-मिटती आणि आवाज करती, टक टक. खोलीत शांत असलं की शेजारी बसलेल्याला सुदिक ऐकू येतो. आता तसल्या झडपा बसवत न्हाईत, कमी आवाजाच्या निघाल्या म्हणं. पण अक्काची चांगली चालू हाय, चालतीय तर कशाला हात लावायचा, असं डॉक्टर म्हणतात आणि बराबर हाय.

झडपेपायी एक गोळी जलमाची मागं लागली, रक्त पातळ ठेवायची. रोज सांजच्याला, सणवार, उपास, मरण-धरण काही असो. चुकली तर झडपेवर गुठळी व्हायची भीती, जास्त झाली तर नाकातून रक्ताची धार. दर महिन्याला जालन्याला येऊन रक्त तपासायचं आणि डॉक्टर सांगंल तशी गोळी कमी-जास्त करायची. पालेभाजीसुदिक एक दिवस ताटभर आणि मंग आठवडाभर बंद, असं चालत न्हाई. कुठं धडकली की हातावर निळं पडतं. बाया मला हळूच इचारायच्या, भागवत मारतो का हो? भागवत म्हंजे आमचे दाजी. त्या माणसानं उभ्या जलमात माशी मारली न्हाई. आणि थोरल्या भावापुढं तोंडबी उघडलं न्हाई, हेही सांगते.

आवाजापायी तर अक्कानं काय काय सोसलं. बारावीच्या पेपरला बाईनं झडती घेतली, घड्याळ कुठं लपवलंस म्हणून. कीर्तनात लोक माना वळवून बघायचे, म्हणून ही मांडवाच्या बाहेर चपलांपाशी बसायची. थंडी नसली तरी छातीवरून शाल घ्यायची. दवाखान्यात एक नवा डॉक्टर आल्ता, त्यानं शिकाऊ पोरं-पोरी बोलावल्या, या या, जुनी झडप ऐका, आता असली ऐकायला मिळत न्हाई. एकामागं एक येऊन कान लावून राह्यले. अक्का आपली छताकडं बघत पडलेली. मी आत घुसून म्हणलं, बाई हाय ती, जत्रेतलं अस्वल न्हाई. अक्कानं मलाच दटावलं, की गप बस, शिकू दे लेकरांना. अशी ती.

डॉक्टर म्हणले होते, मूल नको. ह्या गोळीवर बाळाला धोका, गोळी सोडली तर आईला धोका. तिला मूल पाहिजेच होतं. गोळीच्या जागी पोटात सुया टोचून घेतल्या तिनं, दिवसातून दोनदा, पोट सगळं काळंनिळं झालं. बाळंतपणात मरता मरता वाचली. आकांक्षा झाली ती अशी. आणि त्याच आकांक्षाच्या लग्नात हिला मेलेली ठरवलं. आता सांगा, राग येऊ नये तर काय यावं?

केदारखेड्याला पोचले तर ओसरीवर कारभारीच बसलेला. हा अक्काचा भाया, दाजींचा थोरला भाऊ. घरातली सुई इकडची तिकडं व्हायची तर ह्याला इचारून. मी सरळ इचारलं, माझी बहीण कवा मेली? जरा सुदिक शरमला न्हाई. म्हणला, आईला हार्टचं हाय म्हणलं की लोक पोरीच्या छातीकडं बघतात. आधीची दोन स्थळं तशीच गेली. मेलेल्या आईबद्दल कोण इचारत न्हाई, आणि साप चावलेला काय पोरीच्या रक्तात येत न्हाई. मी म्हणलं, अहो, तो लहानपणीचा ताप होता, तोबी पोरीच्या रक्तात येत न्हाई. म्हणला, ते तुम्ही समजावत बसा गावाला. साखरपुडा घरच्या घरी उरकला होता, तवा अक्काला दिवसभर शेतातल्या आखाड्यावर, म्हंजे तिथल्या खोपटात, बसवलं होतं. मला बोलावलंच न्हाई, घरात कुणाला सांगूबी दिलं न्हाई, कारण माझ्या तोंडाचा भरवसा न्हाई म्हणं. तेवढं मात्र खरं बोलला.

लग्नात काय करणार, म्हणलं. तवाबी आखाड्यावर. कन्यादानाला तो आणि त्याची बायको उषाबाई बसणार, कारण रांडव्या बापाला बसता येत न्हाई. आणि मंग? मंग लग्न झाल्यावर सांगू, तवा काय पोरगी परत आणून सोडतेत व्हय? आणि गाव? गावाला समदं ठावं. पण लग्न मोडायचं पाप कोण डोक्यावर घेतंय, म्हणून सगळे गप.

आकांक्षा खोलीत होती. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लॅबला कामाला हाय ती, शिकलेली, रोज अपडाऊन करती. मला बघून रडायला लागली. तिला आधी म्हाईत नव्हतं. साखरपुड्याआधी त्या पोराचाच फोन आला, तो म्हणला तुझी आई असती तर किती खूश झाली असती, तवा तिला कळलं. मी म्हणलं, मंग तू काय म्हणलीस? म्हणली, काहीच न्हाई मावशी. मला तो आवडतो. मला तिचा लई राग आला आणि तिला जवळबी घ्यावं वाटलं. दोन्ही न करता मी मागच्या दारानं अक्काकडं गेले.

अक्का शेंगा फोडत बसली होती. मी फणफणत सगळं सांगायला लागले तर म्हणली, मला ठावं हाय, हळू बोल. पोरीचं होऊन जाऊ दे, माझं काय, मला कुठं मांडवात मिरवायचंय. आवाज कमी असला की घरातली माणसं सुखात राहतात, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. मी कपाळावर हात मारला. म्हणलं, अगं, तुझ्या नावाची साडी माझ्या हातानं विकून आले मी आज. तुझ्या नावानं सवाशीण जेवू घालणारेत इथं.

शेंग तिच्या हातातच राह्यली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आखाड्यावर बसायचं एवढंच म्हाईत होतं. माझ्या नावानं ताट वाढणार? म्हणून तिनं दोनदा इचारलं. मंग म्हणली, कोण बसणार? मी म्हणलं, उषाबाईची मावसबहीण बोलावलीय म्हणं. अक्का परत शेंगा फोडायला लागली. मला वाटलं, हिनं हेबी गिळलं. मी चिडून चहा न घेताच निघून आले.

सवाशिणीच्या दिवशी मी गेले. न बोलावता गेले, कोण अडवतंय बघू म्हणलं. धावड्याहून शिवकन्याबाई दोन बाया घेऊन आल्त्या. मला बघून दचकल्या. मी पोरीची मावशी म्हणल्यावर माझे हात धरून म्हणल्या, बहिणीच्या नावाची साडी तुमच्याच हातानं काढून द्यायला लावली मी, किती जड गेलं असंल तुम्हाला. मला जमिनीत जावं वाटलं. एवढी भली बाई, आणि तिला आम्ही सगळे मिळून येडं बनवून राह्यलो होतो.

पाट मांडला. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजे, सगळं ताटात वाढलं. उषाबाईची मावसबहीण पाय धुवायला न्हाणीत गेली. तेवढ्यात मागच्या दारातून अक्का आली. डोक्यावरून न्हालेली, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर शाल न्हाई. कुणाकडं न बघता सरळ येऊन पाटावर बसली.

उषाबाईचं तोंड पांढरंफट पडलं. गल्लीतल्या बाया माना खाली घालून बसल्या. उठवावं तर कोण म्हणून उठवावं? पाटावरच्या सवाशिणीला उठवत न्हाईत, आणि ही कोण ते सांगायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती. शिवकन्याबाईला काय म्हाईत? तिनं अक्काचे पाय धुतले, हळद-कुंकू लावलं, साडी मांडीवर ठेवली आणि ओटी भरायला खाली वाकली. बायांचं बोलणं तर कवाच बंद पडलेलं. खण-नारळ हातात धरून ती तशीच थांबली. कान देऊन ऐकलं आणि इचारलं, बाई, पदराखाली घड्याळ हाय का तुमच्या?

अक्का म्हणली, "घड्याळ न्हाई. काळजात यंत्राची झडप हाय. जिच्या नावानं हे ताट वाढलंय, ती मीच."

दारात कारभारी येऊन उभा राह्यला होता, मागं दाजी. कारभारी जल्दी जल्दी म्हणला, तिकडं ध्यान देऊ नका ताई, गावातली हाय, डोक्यानं जरा कमी हाय.

अक्कानं त्याच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडं मान वर करून बघितलेलं मी पाह्यलं नव्हतं. "भाऊ, रोज सांजच्याला गोळी गिळून मी जिती राह्यलेय," म्हणली. "एक दिवस चुकवली न्हाई. आणि तुम्ही बसल्या जागी मला मारून टाकलं."

दाजी जमिनीकडं बघत होते. माझ्या तोंडात दहा शिव्या आल्त्या, पण शिवकन्याबाईनं हात वर केला आणि आकांक्षाकडं वळली. पोरगी कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. शिवकन्याबाई म्हणली, "पोरी, तू सांग. ही कोण?"

कारभारी डोळे वटारून राह्यला होता. न्हाई म्हणली असती तर सोयरीक टिकत होती. मला तर वाटलं, ही बोलतच न्हाई. मंग तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणली, "आई हाय माझी."

शिवकन्याबाई उठली. कारभाऱ्याला म्हणली, माझ्या हातानं जित्या बाईची मेलेली म्हणून ओटी भरून घेत होते तुम्ही, काही लाज? लग्न ठेवायचं का मोडायचं ते मी घरी जाऊन पोराला इचारीन. पण ठेवलं, तर कन्यादानाला ह्या बाईच्या जागी दुसरं कुणी बसलेलं दिसलं की पोराला मांडवातून उठवून नेईन. आकांक्षाकडं बघून म्हणली, तुझ्याशीबी बोलायचंय मला, पण आज न्हाई. मंग खण-नारळ अक्काच्या ओटीत घातला. जितीच्या नावानं घालते, म्हणली, आणि निघाली.

बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला. कारभारी बरळायला लागला, पोरीचं वाटोळं केलंस, आता कोण करतंय हिला. मला वाटलं अक्का आता रडंल, म्हणून मी जवळ जाऊन बसले. तिनं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. मंग माझ्याकडं बघून म्हणली, "कौसल्ये, बसलीस काय? तूप वाढ की. मला भूक लागलीय."