समोरच्या काठावर आई: पोर्तो रिकोच्या डोंगरातले धबधबे

आमच्या दोघांच्या पासपोर्टवरचे व्हिसा संपलेत. अमेरिकेत राहायला हरकत नाही, पण बाहेर गेलो तर परत आत कधी येऊ, यावर वकील फक्त "शक्यतो टाळा" एवढंच म्हणतो. आणि माझ्या नवऱ्याला, नितीनला, तर हिरव्यागार डोंगरांचं, धबधब्यांचं बेट हवं होतं. म्हणून पोर्तो रिको. दिसायला परदेश, पण अमेरिकेच्याच ताब्यातलं, त्यामुळे विमान देशांतर्गत. तुमचंही असंच अडलं असेल तर बिनधास्त जा, कागदपत्रं तेवढी सोबत ठेवा.

नागपूरहून आलेल्या सासूबाईही बरोबर होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही राहतो त्या अ‍ॅशबर्नमध्ये त्यांना काय दाखवलं? खिडक्या नसलेली डेटा सेंटर्स. "इथं माणसंच राहत नाहीत, तर एवढी वीज कोणासाठी?" असं त्यांनी विचारलं, त्याच दिवशी आम्ही तिकिटं काढली.

नितीनचा नियम साधा होता: ज्या धबधब्याला रिव्ह्यू कमी, तो अस्सल. पहिल्या 'अस्सल' धबधब्यावर निम्मं न्यू जर्सी, म्हणजे सगळी आपलीच मंडळी, आलं होतं. पाण्यात उभ्या एका काकूंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "अगं, आमचा एक फोटो काढतेस का? मागे गर्दी नको हं." नितीनचा चेहरा तेवढा फोटो काढण्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी आत, मधल्या डोंगररांगेत गेलो. रस्त्यांबद्दल सांगते. नकाशा चाळीस मिनिटं म्हणाला तर दुप्पट धरा. एका गाडीपुरता रस्ता, वळणावर हॉर्न द्यायचा आणि समोरून हॉर्न आला तर कोणी मागे जायचं ते नजरेनं ठरवायचं. सासूबाई, म्हणजे आई, मागच्या सीटवर खुशीत. "चिखलदऱ्याला आल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणाल्या.

धबधब्याची पायवाट एका घराच्या अंगणातून जात होती. तिथली मालकीण कार्मेन, साठीची, हसरी बाई. पार्किंगचे थोडे पैसे रोख घेते. तिनं आकाशाकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये बरंच काही सांगितलं. नितीननं "सी, सी" म्हटलं. त्याला स्पॅनिश तेवढंच येतं. आईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या कार्मेनच्या ओसरीत थांबल्या.

वाटेतला ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे थोडं चढून गेल्यावर धबधबा. उंच नाही, पण काळ्या खडकावरून नीट, न थांबता पडणारा. आजूबाजूला एकही माणूस नाही. नितीन इतका खूश झाला की फोटो काढायचंसुद्धा विसरला. आम्ही डुंबलो. डोक्यावर स्वच्छ ऊन होतं.

मग पाण्याचा रंग चहासारखा झाला. पानं, काटक्या वाहत येऊ लागल्या. वर कुठेतरी डोंगरात पाऊस झाला होता. कार्मेन तेच सांगत असणार. (पाणी गढूळ झालं की वस्तू गोळा करत बसू नका. सरळ बाहेर पडा.) आम्ही धावत ओढ्यापाशी आलो, तर ओढा उरलाच नव्हता. समोर नदी होती.

आणि त्या नदीच्या पलीकडे आई उभ्या होत्या. कार्मेनचा दंड धरून, तेच गुडघे घेऊन, ती सगळी उतरण उतरून आलेल्या. ओरडत होत्या, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना.

"कमरेएवढंच आहे यार," नितीन म्हणाला. "हात धर, निघून जाऊ."

"वेडा आहेस का?"

"आई बघ ना कशी घाबरलीय." त्यानं पाण्यात पाय टाकला.

आईंनी खाली वाकून दगड उचलला आणि नितीनच्या पुढ्यात भिरकावला. पाणी त्याच्या तोंडावर उडालं. दुसरा दगड आणखी जवळ. शाळेत खडू फेकून कमावलेला नेम होता तो. नितीन मुकाट मागे सरला आणि माझ्या शेजारी बसला. थोड्याच वेळात एक अख्खं केळीचं झाड, घडासकट, तो उभा होता तिथून वाहत गेलं.

दुपारभर आम्ही असेच समोरासमोर बसून होतो. त्या काठावर आई, या काठावर आम्ही. पाणी उतरल्यावर कार्मेननं हात हलवला, तेव्हाच निघालो. आईंनी नितीनच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोंड फिरवलं.

कार्मेननं आम्हाला घरात बसवून ताटं वाढली. भातात तुरीचे हिरवे दाणे होते. पहिला घास घेतल्यावर आईंचा अबोला सुटला. "अगं, हा तर आपल्या नागपूरचा सोलेभात!" आणि तिथंच, ताटावर, त्या रडल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाल्या, "तुम्ही दोघं गेले असते, तर मी फोन कोणाला केला असता? या देशात माह्याकडे कोणाचाच नंबर नाही."

"नाइन वन वन आहे ना, आई," नितीन म्हणाला.

"त्यांना काय सांगू? माह्या पोराला ओळखता का?"

घरी आल्यावर मी अडीनडीला लावायचे नंबर भरायला आईंचा फोन घेऊन बसले. एक मित्र दूर रेडमंडला गेलेला, एक श्रूजबरीला. बाकीचे वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकणारे. इतकी वर्षं अ‍ॅशबर्नमध्ये राहून, धावत येईल असं एकही नाव नितीनला सुचेना, मलाही नाही. शेवटी आम्ही तिघं रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंशी आमची ओळख हात हलवण्यापुरतीच होती. नाव लिंडा, हेसुद्धा तेव्हाच कळलं.

लिंडानं नंबर दिला. मग जरा थांबून स्वतःचा फोन काढला. "मलाही एक द्याल का? माझा मुलगा फार लांब असतो."

नितीन आपला नंबर सांगणार, तेवढ्यात आई पुढे झाल्या. स्वतःचा नंबर त्यांनी प्लस नाइन वनपासून, एकेक आकडा सुटा करून, वर्गात सांगावा तसा सांगितला. आणि लिंडाकडून तो परत म्हणवून घेतला.