पिकान्याची सळई

रविवारी दुपारी चर्चमधून सुटलेली मंडळी हॉटेलात अशी घुसायची, जणू आठवडाभर उपाशीच! एकदा ठरलेले पैसे दिले की खा लेको पोट फुटेस्तोवर. टेबलावरच्या चकतीची हिरवी बाजू वर असेतोवर वाढप्यांनी भाजलेल्या मांसाच्या सळया घेऊन येत राहायचं, गिऱ्हाइकाने लाल बाजू वर केली की थांबायचं. पण लाल करतो कोण मेला?

इवानोरचा खांदा सकाळपासून ठणकत होता. अर्धं आयुष्य त्याने इथं पिकान्याची सळई फिरवली. पिकान्या म्हणजे गाईच्या पुठ्ठ्याचं, कडेला चरबी असलेलं मांस. सगळ्यांचा जीव त्याच्यावर. ती सळई ज्याच्या हाती, तो वाढप्यांतला मानाचा. फक्त काप पातळ निघायला हवा. गिऱ्हाईक चिमट्याने टोक धरतं, सुरी सरसर खाली येते, बस्स.

हल्ली मनगटच दगा देत होतं. पातळ कापायला जावं तर सुरी थरथरे, काप फाटे. म्हणून तो जाडच कापायचा, आणि लोकांना वाटायचं, म्हातारा दिलदार आहे!

"इवानोरकाका, इकडं या! तो पोरगा डेल्सिर कापाच्या नावाखाली कागद वाढतो हो, कागद!"

इवानोर हसायचा. दुसरं काय करणार बिचारा! बायको म्हणायची, सोडा आता. पण सळई सोडून घरी बसायचं, ते कोण म्हणून?

त्या रविवारी जाड कापांपायी त्याची सळई अर्ध्या टेबलांतच संपली. मालक वाल्मिर भट्टीपाशी येऊन उभा राहिला.

"काका, हात बघू."

"काय झालंय हाताला? ठणठणीत आहे."

"मग ही धरा."

सळई कोंबडीच्या काळजांची होती. ती कापायची नसतात, ताटात नुसती ढकलायची. नवख्या वाढप्याला पहिल्या दिवशी देतात ती.

"मालक, आजचा दिवस तरी..."

"लोक ताटकळलेत काका. जा."

पिकान्याची नवी सळई डेल्सिरने उचलली. इवानोरकडे बघायचं त्याने टाळलं.

खिडकीपाशी झुल्मिराबाई बसल्या होत्या. दर रविवारी यायच्या, पिकान्याशिवाय कशाला शिवायच्या नाहीत. चरबी जरा करपली तरी सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं इवानोरला झापायच्या. काळजं म्हणजे त्यांच्या मते मांजराचं खाणं. म्हणून तो भिंतीच्या कडेनं सटकत होता.

"अहो, कुठं पळताय?"

त्यांनी सळईकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे.

"वाढा."

"तुम्हाला नाही आवडत, बाई. डेल्सिर येतोच आहे पिकान्या घेऊन."

"वाढा म्हणते ना!"

त्याने काळजं ताटात ढकलली. बाईंनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं, कसंबसं गिळलं.

"छान झालीत," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मालकाचं बोलणं लागलं नव्हतं इतकं हे लागलं.

"नेहमीसारखं रागवा ना, बाई," तो म्हणाला.

बाईंनी दुसरं काळीज उचललं आणि तोंडात टाकलं.