घर कोणाचं, असं विचारल्यावर

कायदा आणि सार्वजनिक धोरण अशी दोन्हींची मिळून एक पदवी मी बंगळुरूला करते आहे. दुसऱ्या वर्षी आम्हाला एक काम दिलं होतं. कुठलाही सरकारी तक्ता आणायचा आणि त्यातून कोण सुटून जातं ते वर्गाला सांगायचं. बाकीच्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. माझा तक्ता माझ्या मोबाइलमध्येच होता. पोलादपूरच्या डोंगरात आमची चौदा घरांची वाडी आहे, तिच्या पुनर्वसनासाठी झालेल्या पाहणीचा. शेजारच्या वहिनीने फोटो काढून पाठवला होता. घरमालकाच्या रकान्यात माझ्या थोरल्या काकांचं नाव. राहण्याचं ठिकाण, मुंबई. शेरा, घरात कुटुंब राहत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच घरात राहते. शेरा लिहिला जात होता तेव्हा ती पडवीत उभी राहून आलेल्या साहेबांना पाणी देत होती.

मी तो तक्ता दाखवलाच नाही. रेशनकार्डाचा अर्ज दाखवला.

या वर्गात मी अजून भीतभीतच बसते. कुणी मागे हसलं की मलाच हसले असं वाटतं. वडील गेले आणि आठवीनंतर माझी शाळा सुटली. मग हिरकणीवाडीला एका खानावळीत, रोपवेने गडावर जाणाऱ्यांसाठी मी भाकऱ्या थापत असे. एकदा महाडच्या एका शाळेची सहल जेवायला थांबली. सहलीच्या बाईंना मुलं मोजता येईनात, सगळी उधळलेली. मी त्यांच्या हातातली यादी घेऊन मोठ्याने नावं वाचली आणि एकेकाला पंगतीत बसवलं.

"कितवीपर्यंत शिकलीस?" बाईंनी विचारलं.

"आठवी."

"आणि मग?"

"मग भाकऱ्या."

बाई हसल्या. पुढच्या रविवारी सतरा नंबरचा फॉर्म घेऊन परत आल्या, बाहेरून दहावीला बसायचा. दहावी, बारावी, मुक्त विद्यापीठाची बीए, प्रत्येक परीक्षेला मी महाडच्या बौद्धवाडीतल्या त्यांच्या घरी राहिले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला खाली अंथरूण आणि मला कॉट. ही पदवी शोधली त्यांनीच, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला त्यांनीच. त्यांचे उपकार आठवले की मला अभ्यासाला बसावंच लागतं.

गेल्या पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली. वाडी खाली रस्त्यालगत हलवायची असं ठरलं. जे कुटुंब घरात प्रत्यक्ष राहतं त्याला जागा मिळणार, हा नियम मी इथे बसून वाचला होता. पाहणीच्या आदल्या दिवशी मी आईला फोन केला. "साहेब येतील. विचारतील ते खरं सांग. चुकीचं लिहून दिलं तर पुढे त्रास होतो." आपलं शिक्षण घराच्या कामी आलं म्हणून मला बरंही वाटलं.

साहेबांनी विचारलं, "घर कोणाचं?"

आई म्हणाली, "थोरल्या भावोजींचं."

"ते कुठं असतात?"

"मुंबईस."

साहेब लिहून पुढच्या घरी गेले. आमच्याकडे थोरला मुंबईला जातो, घरपट्टी त्याच्या नावाने येते, गणपती त्याच्या हातचा बसतो. मागे राहिलेले घर सांभाळतात. थोरला असेपर्यंत वाडीतली कुठलीही बाई 'माझं घर' असं म्हणत नाही. इतर घरांतून पुरुष पुढे झाले, त्यांनी मालक कोण आणि राहतं कोण, दोन्ही सांगितलं. आई एकटी होती. विचारलं तेवढ्याचं तिने उत्तर दिलं. आणि ती काय उत्तर देईल हे मला कळायला हवं होतं. मी त्याच पडवीत वाढले आहे.

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. सोबत काकांचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं, की मी मुंबईला राहतो, या घरात माझ्या धाकट्या भावाची बायको राहते.

"काकांना सांग, पंधरा दिवसांच्या आत एवढं लिहून द्या," मी आईला म्हटलं.

"काय लिवून द्यायचं?"

"की ते तिथे राहत नाहीत."

ती म्हणाली, "बाय, वर्साला त्यांचा गणपती बसतो या घरात. त्यांना सांगू, तुम्ही इथले नाय असं लिवून द्या? जित्या माणसाला गाव सोडल्याचा दाखला द्यायचा?"

"आई, नुसता कागद आहे तो."

"बघितला तुझा कागद." आणि हसली. "वकिलीणबाई, पहिलीच केस आयशीची हरलीस गो."

मी म्हटलं, तू नको बोलू, मी बोलते काकांशी. रोज त्यांचा नंबर काढायचे आणि फोन परत ठेवून द्यायचे. वडील गेले तेव्हा आमचं सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते वाक्य मी वहीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं, तिन्ही उर्मट वाटली. वर्गात घराच्या हक्कावर मी तावातावाने बोलत होते त्याच आठवड्यातली ही गोष्ट. आईला सांगितलं, काकांचा फोन लागत नाही. पंधरा दिवस असेच गेले.

यादीत तेरा घरं आली.

गणपतीला काका गावी आले, त्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी पाहिली आणि तिथूनच मला फोन केला. मी सगळं सांगितलं.

"मला बोलली असतीस तर त्याच दिवशी सही केली असती मी," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या जिवापरीस घर मोठं हाय काय?"

मग तेच म्हणाले,

"तुला वाटलं, मी नाय बोलेन."

"नाही काका."

"मग?"

मी मुदतीचं सांगू लागले. "असा समजलीस मला," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

प्रतिज्ञापत्र त्यांनी महाडला जाऊन दुसऱ्याच दिवशी केलं. बाई सोबत गेल्या. पण मुदत उलटून गेली होती, म्हणून आता अपील, आणि अपिलासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. त्याची सुनावणी अजून लागलेली नाही. खालची घरं उभी राहताहेत. पाऊस लागून राहिला की आई शेजारच्या वहिनीसोबत खाली शाळेत जाते, उघडला की परत वर. मी सकाळी फोन करून भेगेचं विचारते. "हाय तशी हाय," म्हणते, आणि माझ्या परीक्षेचं विचारते.

उशिराचं कारण काय, ते अर्जात मलाच लिहावं लागलं. असे अर्ज कसे लिहितात ते आम्हाला शिकवलेलं आहे. मी लिहिलं, अर्जदार अशिक्षित असून तिला मुदतीची माहिती नव्हती. बाईंनी तो आईला वाचून दाखवला. वाचताना त्या मध्येच थांबल्या, असं नंतर काका म्हणाले. आई म्हणाली, "बरोबर हाय. मला कुठं काय ठाऊक होतं," आणि तिने अंगठा दिला.